ओढा कुणाच्या बापाचा?

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. बाकी भाषा होती तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढं विषय छापलाय, 'ओढ्या-नाल्यांवरील बांधकाम आणि परवानगी'. तो वाचून आपल्यातलेच काहीजण हसले. एकजण म्हणाला, कवीला गटारावर बोलायला लावलंय. हसा, काही हरकत नाही. पण या देशात गटारावर बोलायचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्याला त्यात उतरवलं. आता उतरायचं नाही, त्याचा नकाशा मागायचा. एवढंच मला आज सांगायचंय.

मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत कंत्राटावर ओझी उचलतो. वकील नाही, इंजिनिअर नाही. जे सांगणार आहे त्यातलं थोडं पाठीवरून आलंय, थोडं कचेरीच्या बाकड्यावरून आणि थोडं पुस्तकातून. चुकीचं वाटलं तर मध्येच उठून अडवा.

आधी भूगोल बघू. सातारा-सांगलीकडं कुठल्याही गावात जा. चढाला गाव, उताराला आपण. ओढा वरून येतो. वरच्या अंगाला त्यांची जनावरं पाणी पितात, त्यांच्या बाया घागरी भरतात, आणि तेच पाणी धुणंभांडं, शेणमूत घेऊन आपल्या वस्तीपाशी येतं. ही रचना कुणा इंजिनिअरनं कागदावर काढली नव्हती. पण ती इतकी पक्की, की हजार पावसाळ्यांत वाहून गेली नाही. वस्ती ओढ्याच्या काठाला कशी आली? दुसरीकडं जागा द्यायचीच नव्हती म्हणून. जी जमीन पिकत नाही, जी पावसाळ्यात बुडते, जिथं मेलेलं ढोर टाकतात, ती आपली. तेव्हा ओढ्यावर कोण काय बांधतो, कुणाच्या परवानगीनं बांधतो, हा प्रश्न आपल्या उंबऱ्याचा आहे.

आता इतिहास. १९०१ सालची गोष्ट आहे, आणि ती साताऱ्याचीच आहे. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात खजिनदाराच्या नोकरीवर होते. काम कसलं चाललं होतं माहीत आहे? तलाव खोदायचं. दुष्काळात माणसं मरत होती, म्हणून सरकारनं तलावाचं काम काढलं होतं. त्या तलावाच्या मजुरीचा हिशोब ठेवणाऱ्या बापाकडं जायला लहानगा भीमराव घरातल्या पोरांबरोबर साताऱ्याहून निघाला. मसूर स्टेशनला उतरला. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट पैसे देऊन बैलगाडी मिळाली, ती पोरांनीच हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं. बरोबर डबा होता, पण घशाखाली उतरवायला पाणी नव्हतं. रात्रभर पाण्यावाचून उपाशी पोरं. बाप जिथं पाण्याचं काम करून घेत होता, त्याच वाटेवर पोराला घोटभर पाणी नाही. बाबासाहेबांनी पुढं ही हकिगत लिहिली, त्या लिखाणाचं नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसा म्हणजे काय? परवानगी. आपल्याच देशात, आपल्याच जिल्ह्यात, पाण्यापर्यंत पोचायची परवानगी.

आणि महाड. महाडची एक बाजू आपण भाषणात कमी सांगतो. चवदार तळ्याची परवानगी कागदावर आधीच होती. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे परवानगी होती, शिक्का होता, सही होती. पाणी मात्र नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या कागदाला ओल लागली. लगेच काय झालं? डोकी फुटली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, आणि त्याच वर्षी नगरपालिकेनं ठराव मागं घेतला. पुढं स्पृश्यांनी कोर्टात दावा लावला की हे तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. दहा वर्षांनी, मार्च १९३७ ला, मुंबई हायकोर्टानं तो दावा फेटाळला. म्हणजे सगळं भांडण शेवटी एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं. तळं कुणाचं?

मी तोच प्रश्न आज ओढ्याला लावतो. ओढा कुणाच्या बापाचा?

कायद्याचं उत्तर सरळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २०. नदी, ओढा, नाला, तळं यांचं पात्र आणि वाहतं-साठलेलं पाणी, ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क शाबीत नाही ते सगळं राज्य सरकारचं. पाटलाचं नाही, साखर कारखान्याच्या चेअरमनचं नाही, प्लॉट पाडणाऱ्याचं नाही. सरकारचं, म्हणजे तुमचं-माझं, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होतं. प्रत्यक्षात सरकारचं म्हणजे कचेरीचं, आणि कचेरीचं म्हणजे कचेरीत ज्याला खुर्ची मिळते त्याचं.

गोदीत आम्हाला गेटवर पास दाखवावा लागतो. पास नसेल तर दिवस बुडाला. आत जहाजातून माल उतरतो तो कुणाचा, त्यात काय आहे, याचा पास आमच्याकडं कुणी मागत नाही आणि आम्हालाही कुणी सांगत नाही. ओझं उचलणाऱ्याला पास, ओझ्याच्या मालकाला सलाम. ओढ्याचं तसंच आहे.

आमच्या गावाचं सांगतो. नाव सांगत नाही, कारण असं गाव एक नाही. ओढा येरळा नदीला मिळतो. आमची मसणवट ओढ्याच्या पलीकडं. उन्हाळ्यात ओढा कोरडा, तेव्हा मेलेला माणूस नशीबवान. पावसाळ्यात कुणी गेलं की चार माणसं कमरेएवढ्या पाण्यात, तिरडी डोक्यावर, आणि पाचवा पुढं काठी टेकवत. माझी चुलती आषाढात गेली. दिवसभर पाणी उतरायची वाट बघितली. तिची म्हातारी आई दारात बसून म्हणत होती, "आरं, जित्तेपणी बी वाट बगायला लावली, आता मेल्यावर बी?" वस्तीनं अर्ज केला, एक सिमेंटचा साकव द्या, माणूस जाईल एवढा. ग्रामपंचायतीचा ठराव पायजे. ठराव झाला. मग म्हणाले ओढा पंचायतीचा नाही, वरून ना-हरकत आणा. मग अंदाजपत्रक. मग तांत्रिक मान्यता. मग प्रशासकीय मान्यता. मग निधी. मग साहेब बदलले. मग मागचा अर्ज सापडत नाही, नवीन करा. चार पावसाळे गेले. साकव अजून कागदात आहे.

त्याच चार वर्षांत, त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका मालदार माणसानं शेत बिगरशेती करून प्लॉट पाडले. ओढा मध्ये येत होता. त्यानं काय केलं? सिमेंटची एक नळी टाकली, वर मुरूम ओतला, रोलर फिरवला. वीस फुटांचा ओढा एका नळीत कोंबला. एका हंगामात सगळे कागद झाले. पुढच्या पावसात नळी तुंबली, पाणी फुगलं आणि आमच्या वस्तीत शिरलं. धान्य भिजलं, पोरांची वह्या-पुस्तकं गेली. पंचनाम्याला आलेला माणूस म्हणाला, तुम्ही ओढ्याच्या काठाला राहताच कशाला?

दोस्तहो, या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी इथं उभा आहे.

कायद्यात एक जुनी वाट आहे. मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ चा. इंग्रजांनी केला, अजून चालू आहे. त्याचं पाचवं कलम म्हणतं की शेतजमिनीवर पडणारं किंवा उगवणारं पाणी नैसर्गिक वाटेनं शेजारच्या जमिनीत जात असेल, आणि कुणी कायदेशीर अधिकाराशिवाय त्यात आडकाठी घातली, त्यामुळं शेताचं, कुरणाचं, झाडाचं, पिकाचं नुकसान होत असेल, तर तहसीलदार ती आडकाठी काढायला लावू शकतो. दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. सहा महिने लक्षात ठेवा, कारण कचेरीतला माणूस तुम्हाला 'बघू, बघू' करत सातव्या महिन्यात नेऊन सोडतो.

आता त्या कलमाकडं आपल्या डोळ्यांनी बघा. दोन गोष्टी दिसतील. पहिली, नुकसान कुणाचं? शेताचं, पिकाचं, झाडाचं. ज्याच्याकडं शेतच नाही, ज्याच्याकडं ओढ्याकाठी पत्र्याची खोली आहे, त्याचं भिजलेलं पीठ या कलमाला दिसत नाही. कायद्याला ऊस दिसतो, झोपडी दिसत नाही. कायदा करणाराला ज्याच्याकडून सारा घ्यायचा होता तोच दिसत होता. दुसरी गोष्ट, 'कायदेशीर अधिकाराशिवाय'. म्हणजे आडकाठी घालणाऱ्यानं आधीच परवानगीचा कागद खिशात घातला असेल, तर मामलेदाराचा हात आखडला. म्हणून तो मालदार माणूस सिमेंटच्या नळीआधी परवानगीची नळी टाकतो. परवानगी त्याची ढाल आहे. आणि आपल्याकडं कागद नाही म्हणून त्याच ओढ्याकाठची आपली खोली हे 'अतिक्रमण'. त्यानं ओढा बुजवला तर तो विकास, आपण ओढ्याकाठी निजलो तर ते अतिक्रमण.

तुम्ही मुंबईची पोरं म्हणाल, हे गावाकडचं आहे. बरं, मिठी नदी घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी फुगली, माणसं मेली. बोट कुणाकडं दाखवलं? नदीकाठच्या झोपड्यांकडं. विमानतळाची धावपट्टी नदीच्या वाटेवर आहे. वांद्रे-कुर्ला संकुल नदीकाठच्या खाजणात भराव टाकून उभं आहे. पण त्याला परवानगी होती ना! परवानगी घेऊन केलेलं पाप पुरात वाहत नाही.

मघाशी मागच्या रांगेतून एकानं विचारलं, मग परवानगी मागायचीच कशाला? बांधा साकव, बघू कोण पाडतो. मला हा प्रश्न आवडला. सातारा जिल्ह्याला त्याचा इतिहास आहे. १९४३ ते १९४६, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथं चाललं, ते काही इंग्रज कलेक्टरची ना-हरकत घेऊन नाही. पण उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते द्यायला मला येरळेच्या वाळूत जावं लागेल. आजच्या भाषणाचा गाभा तोच आहे.

येरळा नदी खटाव तालुक्यात उगवते, सातारा जिल्ह्यात. तिथून खाली सांगली जिल्ह्यात येते, खानापूर, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून वाहते, आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वाहते म्हणतो, पण वर्षातले बरेच महिने पात्रात वाळूच. ती वाळू कमी समजू नका. वाळू म्हणजे नदीची टाकी. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, वाळू ते धरून ठेवते, आणि काठच्या विहिरींना हळूहळू पाजते. वाळू उचलली की विहिरी आटल्या.

वाळू उचलत कोण होतं? ठेकेदार. कायद्यानं वाळू सरकारची, सरकार लिलाव करणार, ठेकेदार बोली लावणार, ट्रक भरून शहराकडं जाणार. तुमच्या-माझ्या शहराकडं. ज्या स्लॅबखाली आपण भाड्यानं राहतो त्यात कुठल्या तरी गावाची विहीर कालवलेली आहे, हे विसरू नका.

खानापूर तालुक्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर. संप लांबला तशी माणसं गावाकडं परतली, तर गावात दुष्काळ. रोजगार हमीवर खडी फोडायची. रोजगार हमी योजनाही याच मातीतली, १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला आणि १९७७ साली राज्याचा कायदा. हक्काचं काम हे मोठंच पाऊल, ते मी नाकारत नाही. पण गिरणीत युनियन शिकून आलेल्या माणसानं विचारलं, दर दुष्काळात खडी फोडायची, रस्ता करायचा, आणि पुढच्या दुष्काळात परत खडीच फोडायची? दुष्काळच हटेल असं काम का काढत नाही? या प्रश्नातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर, गेल ऑम्व्हेट ही माणसं त्यात होती. गावोगाव लोकांनी स्वतः माहिती गोळा केली. पाऊस किती पडतो, पूर्वी काय पिकत होतं, पाणी कुठं जातं. सरकारी साहेबानं सांगायच्या आधी शेतकऱ्यानं आणि मजुरानं आपला दुष्काळ आपण मोजला.

त्यातून बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी ठरवलं, येरळेवर आपणच छोटं धरण बांधायचं. पैसे कुठून? नदीतूनच. ठेकेदाराला बेसुमार उपसा बंद करायचा, आणि गावानं मोजकी वाळू काढून विकायची, त्या पैशातून धरण. के. आर. दाते यांच्यासारखा नावाजलेला इंजिनिअर मदतीला आला. शहरातले विद्यार्थी श्रमदानाला आले. धरणाला नाव दिलं बळीराजा स्मृती धरण. ज्या बळीला वामनानं पाताळात घातलं आणि ज्याचं राज्य परत यावं म्हणून आपल्या आयाबाया अजून ओवाळतात, तो बळी. जोतीरावांचा बळी.

आणि सरकार म्हणालं, परवानगी नाही.

बघा हं. ठेकेदाराला नदी ट्रकात भरून न्यायला परवानगी होती. गावाला तीच नदी अडवायला नव्हती. वाळू सरकारची, तुम्ही कोण विकणार? पात्र सरकारचं, तुम्ही कोण बांधणार? लोक मोर्चे घेऊन गेले. ट्रक अडवले. निवेदनं दिली, नकाशे दिले, आकडे दिले. दोन्ही केलं, हे मला मागच्या रांगेतल्या मित्राला सांगायचंय. नुसता अर्ज केला नाही आणि नुसता फावडा उचलला नाही. एका हातात इंजिनिअरचा नकाशा, दुसऱ्या हातात मोर्चाचा झेंडा. शेवटी सरकारला परवानगी द्यावी लागली आणि ते धरण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं.

महाडात जे झालं त्याच्या हे उलट बाजूनं आलं. तिथं कागद आधी होता आणि पाय नंतर गेले. इथं पाय आधी गेले आणि कागद मागनं आला. पण दोन्हीकडं कागद सोडून दिला नाही. का? कारण कागद नसलेलं काम उद्या कुणीही पाडू शकतो. परवानगीची भीक मागू नका म्हणतात ते खरं आहे. पण परवानगीचा हक्क सोडू नका हेही तितकंच खरं. मेहेरबानीचा अर्ज 'कृपा व्हावी' म्हणून संपतो. हक्काचा अर्ज तारीख, कलम आणि पोच घेऊन संपतो. त्या अर्जामागं चाळीस माणसं कचेरीच्या पायरीवर बसलेली असली तर तो लवकर वाचला जातो.

पण धरण बांधलं यानं मी इतका खूश नाही. धरणं कोयनेलाही आहेत, वारणेलाही आहेत. तिथं विस्थापित कोण झालं आणि भिजलं कुणाचं शेत, हे तुम्हाला माहीत आहे. बळीराजा धरणात मला पटलं ते वाटपाचं तत्त्व. पाणी जमिनीच्या एकरावर वाटायचं नाही, कुटुंबावर वाटायचं. प्रत्येक कुटुंबाला सारखं. आणि ज्याच्याकडं जमीन नाही त्यालाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा.

दोस्तहो, या एका वाक्यावर थांबा. गावगाड्यात आपली भाकर सुद्धा मागून आणलेली. जमीन नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून मजुरी, मजुरी म्हणून लाचारी. त्या साखळीची एक कडी इथं तोडली. भूमिहीन पाण्याचं काय करणार, असं कुणीतरी विचारतंच. करणार काय? ज्याच्याकडं जमीन आहे पण पाणी कमी आहे त्याच्याशी बोलणार. तुझी जमीन, माझं पाणी, पीक वाट्यानं. आजवर तो म्हणायचा, ये माझ्या बांधावर राबायला. आता तो आणि मी एका बांधावर समोरासमोर उभे.

हे तत्त्व एकट्या तांदुळवाडीचं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत सुरू केली, तिथंही माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनाला वाटा, उसाला पाणी नाही. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना समान वाटा म्हणून रान उठवलं. टेंभूचं पाणी चढावर गेलं ते त्या रेट्यामुळं. पण मी तुम्हाला आपला प्रश्न विचारायला सांगतो. पाणी गावाच्या शिवारात आलं. बौद्धवस्तीत आलं का? मातंगवस्तीत आलं का? परिषदेच्या ठरावात 'भूमिहीन' हा शब्द आहे. लाभधारकांच्या यादीत त्याचं नाव आहे का? चळवळ आपल्या बाजूची असली तरी यादी वाचायची. बाजूची आहे म्हणून जास्तच वाचायची.

येरळेच्या वरच्या भागाचं हे झालं. आता खालचं टोक बघा. वर घोटभर पाण्याला माणूस महाग, आणि खाली २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला, जिथं येरळा कृष्णेला मिळते तिथंच, पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि बायापोरं बुडाली. २०२१ साली परत पूर. पुराला कारणं पुष्कळ आहेत, पाऊस आहे, धरणांचे विसर्ग आहेत, मी एकावर खापर फोडत नाही. पण शहराच्या पोटातले ओढे-नाले बुजलेले असले तर पाणी चढतं लवकर आणि उतरतं उशिरा. पूररेषा आखायचा नियम आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी. नकाशावर रेषा दोन रंगांची आहे. जमिनीवर तिसरा रंग चालतो, नोटेचा. आणि सांगलीचा शेरीनाला बघा, शहराची घाण वर्षानुवर्षं कृष्णेत नेऊन सोडतो. गावात वरच्यांचं घाण पाणी खालच्या वस्तीला, आणि इथं शहराचं घाण पाणी नदीकाठच्या खालच्या गावांना. गावगाडा मेला म्हणतात. तो मेला नाही, त्यानं पाइपलाइन टाकलीय.

आता करायचं काय? भाषण ऐकून घरी जाऊन झोपायचं असेल तर मी गोदीतच बरा होतो. तुमच्यातला प्रत्येकजण वर्षातून एकदा तरी गावी जातो. जयंतीला जातो, भीमगीतं वाजवतो, परत येतो. यंदा एक दिवस जास्त थांबा आणि ओढा चाला. उगमापासून वस्तीपर्यंत. बरोबर एक म्हातारा घ्या, त्याला ओढ्याची जुनी रुंदी पाठ असते. आपल्या म्हाताऱ्यांना शिवेचा दगड न् दगड माहीत, शिवेच्या भांडणात महाराची साक्ष चालायची, ती अक्कल फुकट घालवू नका. तलाठ्याकडनं गावनकाशा घ्या. नकाशातला ओढा आणि जमिनीवरचा ओढा यांत जिथं फरक दिसेल तिथं खूण करा.

मग माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. साधे प्रश्न विचारा. या ठिकाणी ओढ्यात बांधकामाला परवानगी कुणी दिली? कोणत्या तारखेला? नळीची, मोरीची मापं कुठल्या पुराच्या हिशोबानं धरली? जागेची पाहणी कुणी केली? तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. मुंबईत बसूनही हा अर्ज करता येतो, तेव्हा वेळ नाही हे कारण सांगू नका.

आडकाठी नवीन असेल आणि आपल्यातल्या कुणाचं गुंठाभर जरी शेत असेल, तर सहा महिन्यांच्या आत मामलेदारापुढं दावा. शेतीला पाणी न्यायचंय आणि मधला जमीनवाला पाट काढू देत नाही, तर महसूल अधिनियमाचं कलम ४९, तहसीलदाराकडं अर्ज. त्याला दुसऱ्याच्या रानातून पाटाची परवानगी द्यायचा अधिकार आहे. सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५३, ते काढायचं काम पंचायतीचं. आणि कुणी जातीच्या माजावर आपल्या पाण्याच्या, सिंचनाच्या हक्कात आडवा आला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं तो स्पष्ट गुन्हा आहे. फिर्याद लिहिताना 'पाणी' हा शब्द फिर्यादीत आला पाहिजे, तो गाळला जातो.

बंधारा, साकव, मोरी नवीन मागायची असेल तर कुठल्या दारात जायचं ते आधी ठरवा. सिंचनाच्या कामात शंभर हेक्टरपर्यंत जिल्हा परिषद, त्याच्या वर जलसंधारण खातं, आणखी मोठं असेल तर जलसंपदा. चुकीच्या दारात दिलेला अर्ज बरोबर दारात पोचायला दोन वर्षं घेतो, आणि पुष्कळदा पोचतच नाही. ग्रामसभेत ठराव मांडताना वस्तीतल्या बायांना पुढं बसवा. पाणी कुठून येतं आणि घरात कुठवर चढतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आणि प्रत्येक ठरावात एक ओळ घालाच: या कामातून मिळणाऱ्या पाण्यात भूमिहीन कुटुंबांचा वाटा राहील. वरचे हसतील. महाडलाही हसले होते.

शेवटचं एक. आपल्यातले पुष्कळ लिहितात, मीही लिहितो. आपण कवितेत आग लिहिली, रक्त लिहिलं, सूर्य लिहिला. आपल्या वस्तीतून जाणारा ओढा कितीजणांनी लिहिला? लिहा. पण लिहायच्या आधी मोजा. किती फूट होता, किती उरला, उरलेला कुणी गिळला. मोजलेली ओळ कुणाला खोडता येत नाही. तिला कोर्टातही उभं राहता येतं आणि मोर्चातही.

पावसाळ्याला अजून तीन महिने आहेत. ज्यांच्या गावात ओढा आहे त्यांनी उठताना आपलं आणि गावाचं नाव या वहीत लिहून द्या. अर्जाचा मसुदा मी करून आणलाय. सही तुमची पाहिजे.

जय भीम.